सकाळी गाडी चालू होईना? पार्ट बदलायच्या आधी इथं दाखवा (परभणी, जिंतूर रोडमागचं गॅरेज)

चार स्टार देतोय. एक का कापला ते मधी येईलच, पण काम लई पक्कं आहे अन् असं काम करणारी माणसं आता परभणीत कमीच राहिलीत म्हणून जरा सविस्तर लिहायलोय. ज्यांना निस्तं ऑइल बदलायचंय, वॉशिंग करायचीय त्यांनी वाचलं नाही तरी चालेल, त्याच्यासाठी बक्कळ ठिकाणं आहेत. हे ज्यांची गाडी सकाळी सेल्फ खाती अन् उचलत नाही त्यांच्यासाठी.

गॅरेज म्हणजे जिंतूर रोडला टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याचं शेड. बोर्ड उन्हानं असा उडालाय की नावच वाचता येत नाही, पण 'उस्ताद कुठं बसतेत' म्हणलं की कोणीही हात करून दाखवतंय. उस्ताद साठीच्या आसपासचे, हाताखाली दोघं जण, अन् शेडमधी एका वेळी दोनच गाड्या मावतात. तिसरी गाडी आली की ती उन्हात, अन् चौथीला सरळ 'परसों लाव' म्हणून परत पाठवतात.

माझी गाडी 2012 ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही तक्रार कोणत्याही गाडीला येऊ शकती अन् नाव लिहिलं की मूळ मुद्दा बाजूला राहून कंपनीवरूनच वाद सुरू होतेत. मी जिल्हा परिषद प्रशालेवर आहे, रोज जिंतूरच्या दिशेनं जाणं-येणं, झरी, बोरी करत. एरवी अकराची शाळा असली की चालून जातंय पण शनिवारी सकाळची शाळा, अन् डिसेंबरमधी परभणीची थंडी काय असती ते इथल्यांना सांगायला नको, विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात एक अंकी यायला लागला की माझ्या गाडीचं नाटक सुरू. चावी मारली की सेल्फ फिरायचा, पण जड, घुर्रर... घुर्रर... असा, अन् गाडी उचलायची नाही. थांबून परत मारायचं, परत घुर्रर, मग कधीतरी एकदम धडधड करून चालू. एकदा चालू झाली की दिवसभर काही त्रास नाही. झरीला चहाला थांबून परत चावी मारली तर अर्ध्या सेकंदात चालू. पण शाळेत चार-पाच तास उभी राहिली की दुपारी, चांगल्या उन्हात सुद्धा, पुन्हा लांबलचक सेल्फ. ही दुपारची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणारंय.

त्याच्या आधी गावातल्या बाकीच्यांनी काय काय केलं ते थोडक्यात. एकानं बॅटरी नवीन टाकली. दुसऱ्यानं प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा जाती ती वाट) साफ केली. तिसरा म्हणला सेल्फच गेलाय, नवीन टाका, अन् एका हुशारानं तर डायरेक्ट ईसीएमवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरवरच बोट ठेवलं, म्हणजे गाडीच्या किमतीच्या मानानं सरळ दवाखान्यातून स्मशानात. मी त्या सगळ्यांना चोर म्हणणार नाही. बॅटरी चार वर्षांची होती, अन् आपल्याकडं बॅटरीला खरं मारतो तो उन्हाळा. मे महिन्यात 43-44 डिग्रीत बोनटखाली ती भाजून निघती, आतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतेत, पण गरमीत इंजिन हलकं फिरतं म्हणून तेव्हा कळत नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं अन् बॅटरीची ताकद पण कमी पडती, तेव्हा मग बिंग फुटतं. प्लगचं पण किलोमीटर झालंच होतं. म्हणजे काम खोटं नव्हतं, पण कोणीच मीटर लावून बघितलं नाही. सगळ्यांनी कानानं ऐकलं अन् हातानं पार्ट बदलला.

उस्तादकडं गेलो तर ते बोनट उघडायलाच तयार नाहीत. पायरीवर बसून आधी विचारपूस. सेल्फ फिरतो का नुसतं टकटक करतो? किती वेळ उभी राहिली की त्रास देती? चालू होताना पेट्रोलचा वास येतो का, मागून काळा धूर येतो का? गरम असताना कशी? टाकीत पेट्रोल नेहमी किती असतं, रिझर्व्हवर फिरवता का? काय काय बदललं, अन् ते बदलल्यावर किती फरक पडला? ह्या शेवटच्या प्रश्नावर ते अडूनच बसले. बॅटरी बदलल्यावर थोडा फरक पडला होता, सेल्फ जरा बरा फिरायला लागला, पण गाडी उचलायला तेवढाच वेळ. हे सांगितल्यावर म्हणले, 'दो बीमारी दिखती इसको.'

मग मला ड्रायव्हर सीटवर बसवलं अन् स्वतः मागचं दार उघडून कान सीटला लावला. म्हणले चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. ऑन केल्यावर मागून दोन सेकंद ऊंऽऽ असा आवाज येतो बघा, तो टाकीतल्या पेट्रोल पंपाचा, लाइनमधी प्रेशर भरायलाय म्हणून. आवाज बंद झाला की चावी बंद, परत ऑन, परत ऊंऽऽ, परत बंद, असं करून मग सेल्फ मारायला लावला. गाडी तासभर उभी होती तरी चटकन उचलली. मला वाटलं झालं, सापडलं. ते म्हणले नाही, हा निस्ता अंदाज, नापायचं बाकी आहे. 'गाडी रात को इधरीच छोडो. गरम गाडी झूट बोलती. सुबे ठंडी में मैं खुद चावी मारतूँ.'

आता इथं बरेच लोक वैतागतात. गाडी रात्रभर ठेवायची म्हणलं की 'तोवर मी कशानं जाऊ' म्हणून निघून जातेत, माझ्यासमोर एक जण गेला. पण विचार करा, त्रास जर थंड गाडीलाच आहे तर दुपारी बारा वाजता गाडी चालवत आणून दाखवायची अन् मेकॅनिकनं सांगायचं तरी काय? मग तो अंदाजानं पार्ट बदलणार अन् आपण अंदाजानं पैसे देणार.

सकाळी सातला बोलावलं होतं, मी मुद्दाम गेलो. मफलर, कानटोपी, शेडच्या तोंडाला टायरचे तुकडे जाळून शेकत बसलेली मंडळी. (तो धूर वाईट, पण सांगून कोण ऐकतंय.) गाडीच्या काचांवर दव. आधी स्कॅनर लावला, स्टेअरिंगच्या खाली जो सॉकेट असतो त्याला. कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर) एकही नाही. पण त्यांनी कोडसाठी लावलाच नव्हता, त्यांना कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान बघायचं होतं. रात्रभर उभी असलेल्या गाडीत कूलंटचा सेन्सर अन् हवेचा सेन्सर दोन्ही बाहेरच्या हवेएवढंच दाखवायला पाहिजेत. माझ्या गाडीत दोन्हीकडं 12 आलं, मोबाईलवर बाहेरचं 11 होतं, म्हणजे बरोबर. हा कूलंटचा सेन्सर बिघडून सकाळीच 80 दाखवायला लागला तर गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे अन् तो पेट्रोल कमी सोडतो, मग थंडीत गाडी कशी उचलणार. सेन्सर तसा स्वस्त असतो पण त्याच्या नादात लोक महागाचं काय काय बदलून बसतेत.

मग मीटर. आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे सेल्फ मारला तरी गाडी चालू होऊ नये अन् आरामात नापता यावं. बॅटरी नुसती उभी असताना 12.5 व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. सेल्फ मारताना बॅटरीवर 10.8, हे पण बरं, ते म्हणले साडेनऊच्या खाली गेलं की बॅटरीवर संशय घ्यायचा. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या टोकावर अन् दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली अन् मला सेल्फ मारायला लावला. आकडा आला 0.9 व्होल्ट. तिथं खरं तर जवळजवळ काहीच यायला नको, फार तर 0.2-0.3. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् बोनटच्या आत टॉर्च मारली.

बॅटरीच्या मायनसवरून एक जाड वायर गिअरबॉक्सच्या बोल्टला जाती, ती अर्थ, म्हणजे करंट परत बॅटरीकडं यायची वाट. तो बोल्ट दिसतच नव्हता. काळी माती, ऑइल, अन् वायरच्या टोकाशी हिरवट-पांढरी बुकटी. आपल्याकडच्या रस्त्यानं पावसाळ्यात गाडी फिरली की काळी माती खालून असा लेप देती की वॉशिंगवाला पण हात टेकतो. वायर वरून एकदम ठणठणीत दिसत होती पण टोकाशी वाकवली की आतल्या तारा कुरकुर करून तुटायल्या होत्या.

नववीच्या पोरांना मी ओहमचा नियम शिकवतो, तो इथं मळक्या बोल्टवर बघायला मिळाला. छोट्या गाडीचा सेल्फ सुद्धा 100 ॲम्पिअरच्या वर करंट ओढतो. एवढ्या करंटला वाटेत निस्ता 0.01 ओहम अडथळा असला तरी 1 व्होल्ट तिथंच खर्ची पडतो, सेल्फपर्यंत पोचतच नाही. अन् गंमत अशी की तीच वायर काढून साध्या मीटरनं ओहम बघितले तर चांगली दिसती, लाइट लागतो, हॉर्न वाजतो, कारण त्यांना करंट किती लागतो तर पाच-दहा ॲम्पिअर. सेल्फ मारत असतानाच नापलं तर सापडतंय. म्हणून मला वाटतं सेल्फ बदला म्हणणाऱ्यानं नवीन सेल्फ टाकला असता तरी तो असाच जड फिरला असता, मग परत 'लोकल निघाला साहेब'.

बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, नवीन जाड वायर, टोकाला तांब्याचा लग (बोल्टमधी अडकवायची कडी) दाबून बसवला, वरून ग्रीस. परत नापलं तर 0.1. फ्यूज जागेवर टाकला, चावी मारली, सेल्फ असा तडातड फिरला की मला नवी गाडी आठवली. पण गाडी उचलायला सहा-सात सेकंद गेलेच. तिथं दुसरा कोणी असता तर 'आता ठीक आहे, चालवून बघा' म्हणून पैसे घेतले असते. मी पण खूश झालो होतो, शाळेची घाई. उस्ताद म्हणले, 'एक गई, एक बाकी.'

दुसऱ्या बिमारीसाठी प्रेशर गेज. इंजिनवर जी पेट्रोलची नळी येती ती काढून मधी गेज अन् एक छोटा कॉक जोडला. काढायच्या आधी फ्यूज काढून लाइनमधलं प्रेशर उतरवलं, तोंडावर जुनं फडकं धरलं, डोळ्याला चष्मा. शेजारचा एक जण बिडी घेऊन बघायला आला त्याला असा हाकलला की मी पण दोन पावलं मागं सरकलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण यूट्यूबवर बघून घरी नळी काढणारे बरेच आहेत. ती नळी प्रेशरखाली असती, पेट्रोल फवारा होऊन उडतं, गरम इंजिनवर पडलं तर पुढचं सांगायला नको. घरी करायची गोष्ट नाही ती.

चावी ऑन केली, काटा 3.8 बारपर्यंत गेला, म्हणजे पंपात दम आहे. पंपाचा आवाज थांबला अन् काटा आमच्या डोळ्यादेखत खाली यायला लागला, चहा संपेपर्यंत बराच खाली. चांगल्या गाडीत ते प्रेशर बराच वेळ धरून राहायला पाहिजे. आता प्रेशर जातंय कुठं? दोनच वाटा, एक तर पुढं इंजेक्टरमधून (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) गळून इंजिनात, नाहीतर मागं टाकीत परत. परत प्रेशर भरलं अन् पंपाकडची बाजू कॉकनं बंद केली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे इंजेक्टर धरून आहेत, गळती मागं टाकीकडं. वासाचा अन् काळ्या धुराचा प्रश्न आदल्या दिवशी कशाला विचारला ते मला तेव्हा कळलं. इंजेक्टर गळत असते तर इंजिनात पेट्रोल साचून सकाळी वास आला असता, धूर निघाला असता. माझ्या गाडीत तसं काहीच नव्हतं.

पंपाच्या तोंडाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल पुढं जाऊ देतो अन् मागं येऊ देत नाही. शेतकऱ्यांना एका वाक्यात कळेल, विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की रोज सकाळी पाइपात पाणी भरून मोटार चालू करावी लागती, तेच हे. थोडा वेळ गाडी बंद ठेवली तर प्रेशर शिल्लक राहतं म्हणून झरीला चहा पिऊन लगेच चालू व्हायची. चार-पाच तासांत लाइन रिकामी, मग थंडी असो का ऊन, सेल्फ मारत बसा. दुपारच्या त्रासाचं कोडं असं सुटलं. थंडीचा त्रास अर्थचा अन् उभ्या राहण्याचा त्रास व्हॉल्व्हचा, दोन्ही एकावर एक बसल्यामुळं बाकीच्यांना दिसलं नाही. अन् स्कॅनरला कोड कामून आला नाही, तर माझ्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीत लाइनचं प्रेशर बघणारा सेन्सरच नाही. कॉम्प्युटरला जे दिसतच नाही त्याचा कोड तो कुठून आणणार? 'स्कॅनर लावला, सगळं ओके आहे' असं कोणी म्हणलं तर अर्धंच ऐका.

ह्याच्यानंतर जे झालं त्याच्यासाठी खरे स्टार. त्यांनी तीन रस्ते सांगितले. एक, पूर्ण पंप असेंब्ली ओरिजिनल, संभाजीनगरहून मागवावी लागेल, सहा हजाराच्या आसपास. दोन, निस्ती आतली मोटार लोकल आणून जुन्या डब्यात बसवायची, निम्म्यात काम, पण गॅरंटी नाही. तीन, काहीच करू नका, रोज सकाळी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा, पंप जोवर ढकलतोय तोवर गाडी चालती. असं तिसरं सांगणारा मेकॅनिक मी तरी बघितला नव्हता. मी विचारलं की बाहेरून लाइनमधी एखादा व्हॉल्व्ह टाकता येत नाही का, कोणीतरी म्हणलं होतं शंभर-दोनशेत होतंय. 'नक्को. पेट्रोल की लाइन में जोड नक्को.' विषय संपला.

ओरिजिनलच घेतलं, गाडी अजून काही वर्षं वापरायचीय. पार्ट त्यांनी स्वतः आणला नाही, नंबर चिठ्ठीवर लिहून दिला अन् तुम्हीच मागवा म्हणले, म्हणजे बिल माझ्या नावावर, कमिशनचा संशय नको. पार्ट यायला दोन दिवस लागले, तेवढे दिवस तिसऱ्या रस्त्यानं गाडी चालवली, अन् खरंच चालली. बसवताना बॅटरीची मायनस काढली, मागचं सीट उचललं, झाकणाभोवतीची धूळ आधी हवेनं उडवली की टाकीत पडायला नको. जुना पंप बाहेर आला तर खालची जाळी काळीकुट्ट. रिझर्व्हवर फिरवता का असं विचारलं ते ह्याच्यामुळं, एक तर तळाचा गाळ ओढला जातो अन् पंप पेट्रोलमधी बुडालेला असला की थंड राहतो. रबरी रिंग नवीन, जुनी परत बसवली नाही. चावी ऑन करून झाकणाभोवती बोट फिरवून ओल नाही हे बघितलं, मगच सीट खाली. जुना पंप नव्याच्या खोक्यात घालून माझ्या हातात दिला.

पैसे: तपासणीचे 500, अर्थची वायर अन् बसवणं मिळून 450, पंप बसवायची मजुरी 800. पंपाचे वेगळे, ते मी दुकानदाराला दिले. तपासणीचे पाचशे काम करा न करा द्यावेच लागतात, ह्याच्यावरून तिथं रोज कोणाची तरी कटकट असती, 'निस्तं बघायचे पाचशे?' मला ते पाचशे सगळ्यात स्वस्त वाटले. त्याच्या आधी मी प्लग अन् बॅटरीला जे घातले त्याच्यात असे कितीतरी पाचशे बसले असते.

आता कापलेल्या स्टारचं. बिल मिळत नाही, मागितलं तर वहीचं पान फाडून त्याच्यावर आकडे लिहून देतात. ऑफिसला लावायला, इन्शुरन्सला ते कामाचं नाही. फोन उचलत नाहीत, उचलला तर पलीकडून ग्राइंडरचा आवाज. बसायला एक जुनी मागची सीट टाकलीय तिच्यावर नेहमी कोणीतरी आधीच. सांगितलेली वेळ अन् गाडी मिळायची वेळ ह्याच्यात निम्म्या दिवसाचा फरक धरून चाला. एसीचं काम करत नाहीत, सीएनजी किटला हात लावत नाहीत, डेंटिंग-पेंटिंग नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर तुम्ही तसंही इकडं येऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, बाहेर वायरिंगला हात लागला की पुढं वॉरंटीला भांडत बसावं लागतं. एक चांगली गोष्ट पण इथंच सांगतो, गाडी आणायला एकदा बायको एकटीच गेली होती, तर तिला सुद्धा जुनी वायर दाखवून, काय केलं ते सगळं समजावून सांगितलं, 'साहब को भेजो' वगैरे काही नाही.

तिथं बसल्या बसल्या एक डिझेल पिकअप आली, हळद घेऊन वसमतकडं जाणारी, सकाळी उचलतच नाही म्हणून. मला वाटलं तिचं पण पंपाचंच निघेल. उस्तादनी एका एका हीटर प्लगला बल्बची वायर लावून बघितली, चारपैकी दोन मेलेले. डिझेल गाडीत स्पार्क नसतो, हवा दाबून जी गरम होती तिच्यावरच डिझेल पेटतं, थंडीत ती गरमी कमी पडती म्हणून हे हीटर. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो तो विझल्यावरच सेल्फ मारायचा, हे त्या ड्रायव्हरला माहीत होतं, पण घाईत कोण थांबतंय. त्याच गाडीचा डिझेल फिल्टर खालून सोडला तर आधी पाणी निघालं. फिल्टरचं पाणी सोडत जा म्हणले, अन् ते फुकट करून दिलं.

इथेनॉलचं पण विचारलं, कारण हल्ली गावात गाडीला काहीही झालं की तेच नाव निघतं, पेट्रोलमधी 20 टक्के इथेनॉल आलंय म्हणून. उस्ताद ह्याच्यावर सावध बोलले. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून गाडी महिना महिना उभी ठेवू नका, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या अधूनमधून बघत जा, पण तुमचा व्हॉल्व्ह त्याच्यानंच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही, 90 हजार किलोमीटर झालंय त्याचं पण वय झालं. आमच्या मराठवाड्यात उसाचा विषय निघाला की कोणीही दोन टोकांचं बोलतंय, त्यामानानं हे उत्तर मला आवडलं.

उंदरांचं राहिलं. बोनट उघडल्यावर एका वायरवर दात लागलेले दिसले, टेप मारून दिली. तंबाखूची पानं ठेवतेत लोक बोनटमधी, फायदा होतो का विचारलं तर हसले फक्त. गाडी धान्याच्या पोत्याजवळ लावू नका एवढंच म्हणले.

जायच्या आधी घरीच थोडं ऐकून जा, तुमचं अन् त्यांचं दोघांचं काम सोपं होतं. चावी मारल्यावर नुसतं टकटकटक होऊन डॅशबोर्ड मंद पडत असेल तर बॅटरी नाहीतर तिची टोकं. एकच जोरात 'टक्' अन् पुढं शांत, दिवे मात्र चांगले, तर सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच. सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी उचलत नाही तर पेट्रोल किंवा स्पार्क, तेव्हा चावी ऑन करून मागून पंपाचा आवाज येतो का बघा, अन् डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून बघा, इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर गाडी चालू होऊ न देणारं लॉक) असू शकतो. अन् उगं मिनिटभर सेल्फ दाबून धरू नका, पाच-दहा सेकंद मारून थोडं थांबा, नाहीतर आहे तो चांगला सेल्फ पण जळायचा.

शुक्रवारी दुपारी नमाजमुळं तीनपर्यंत बंद, रविवारी चालू. गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन लावा, सकाळी त्यांनी चावी मारायच्या आधी तुम्ही मारू नका. अन् टाकी फुल करून नेऊ नका, पंपाचं काम निघालं तर आधी पेट्रोल काढत बसावं लागतं अन् त्याचे कॅन तुम्हालाच आणावे लागतेत.